‘नेटवर्क’मध्ये कधी तीन संगणक दिसतात, कधी पाच : जुन्या-नव्या सिस्टिमच्या ऑफिसात काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. जालन्याच्या मोंढ्यातल्या एका आडतीच्या ऑफिसात नऊ संगणक आहेत: चार विंडोज १०, दोन विंडोज ११, एक विंडोज ७, वजनकाट्याला जोडलेला एक विंडोज एक्सपी आणि हिशेबाच्या फायली ठेवलेला एक उबुंटू, त्यावर सांबा (उबुंटूवरच्या फायली विंडोजला देणारं सॉफ्टवेअर). ‘नेटवर्क’ उघडलं की कधी तीन संगणक दिसतात, कधी पाच. एक्सपीवर तर कुणीच दिसत नाही. इंटरनेट मात्र सगळीकडे व्यवस्थित चालतं. ‘सगळ्या संगणकांवर एसएमबी १ चालू करा, सगळं दिसायला लागेल’ असा सल्ला कुणीतरी दिलाय. तो मानावा का?

मानू नका. एसएमबी म्हणजे नेटवर्कवरून फायली देण्याघेण्याची विंडोजची भाषा आणि १ ही तिची जुनी आवृत्ती. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो एसएमबी १ मधल्याच भोकातून. एका संगणकात शिरला की त्याच नेटवर्कवरच्या बाकीच्यांत तो आपोआप घुसायचा, कुणी काही क्लिक करायचीही गरज नव्हती. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने एसएमबी १ आपणहून बसवणं बंद केलं. तुमच्याकडे शेतकऱ्यांच्या पट्ट्या, उचल, बाकी असं सगळं त्या एका उबुंटूवर आहे. नुसती यादी दिसावी म्हणून तो धोका घेण्यात अर्थ नाही, कारण यादीशिवायही काम पूर्ण चालतं.

इथेच मुद्दा समजून घ्या. संगणक यादीत दिसणं वेगळं आणि त्याच्यापर्यंत पोहोचणं वेगळं. दोन्हींच्या यंत्रणा वेगळ्या, पोर्ट (संगणकात शिरायची क्रमांक दिलेली दारं) वेगळे, बिघाडही वेगळे. म्हणून पहिली कसोटी ही करा: विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, आलेल्या चौकटीत उबुंटूचा पत्ता \\१९२.१६८.१.१० असा टाका आणि एंटर मारा. (इथून पुढे उबुंटूचा पत्ता हाच धरतो, तुमचा वेगळा असेल तर तो घ्या.) फोल्डर उघडला तर तार, पत्ता, फायरवॉल, परवानगी सगळं ठीक आहे, अडलीय ती फक्त यादी. पत्त्याने उघडतो पण नावाने उघडत नाही, तर नाव ओळखण्यात घोळ आहे. पत्त्यानेही उघडत नसेल तर यादीकडे बघूच नका, दोष खाली आहे. बहुतेक ऑफिसांत माणसं थेट यादीच्या मागे लागतात आणि दोन दिवस घालवतात.

आता यादी अशी अर्धवट का दिसते ते सांगतो. तुमच्या ऑफिसात एक नाही, दोन याद्या चालू आहेत.

जुनी यादी हजेरीपटासारखी असते. एका वर्कग्रुपमधले (म्हणजे गटाचं एकच नाव दिलेले) संगणक आपसात निवडणूक घेतात, एक जण ‘मास्टर ब्राउझर’ होतो आणि हजेरीपट तो ठेवतो. बाकीचे सुरुवातीला दर मिनिटाला आणि पुढे दर १२ मिनिटांनी त्याला ‘मी हजर’ असं कळवतात. लागोपाठ तीन हजेऱ्या चुकल्या की नाव कटतं, म्हणजे ३६ मिनिटांनी. त्या पटाची नक्कल ठेवणारे दुसरे संगणक दर १५ मिनिटांनी नवी प्रत घेतात, म्हणून बंद पडलेला संगणक एखाद्याच्या यादीत ५१ मिनिटांपर्यंत तसाच दिसू शकतो. लाइट गेली, काही यंत्रं इन्व्हर्टरवर राहिली, काही झटक्यात बंद पडली, की मास्टरच गायब होतो आणि पुन्हा निवडणूक होईपर्यंत प्रत्येकाला वेगळं चित्र दिसतं. ‘सेटिंग बदललं आणि लगेच दिसलं नाही, म्हणून परत बदललं’ हा प्रकार या यादीच्या बाबतीत अजिबात करू नका. एक बदल करा आणि तासभर थांबा.

तुमच्या एक्सपीला काहीच न दिसण्याचं कारण बहुधा या निवडणुकीतच आहे. निवडणुकीत प्रत्येक सिस्टिमला वजन असतं: एक्सपी आणि ७ यांच्या घराण्याचं १६, सांबाचं आपणहून २०. त्यामुळे उबुंटू चालू असला की तोच मास्टर होतो. एक्सपी त्याच्याकडे पट मागायला जातो, पण एक्सपीला एसएमबी १ शिवाय दुसरी भाषाच येत नाही आणि २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून सांबा ती भाषा बोलायला नकार देतो. पट उबुंटूकडे आहे, पण एक्सपीला तो वाचता येत नाही. मग एक्सपीवर ‘या वर्कग्रुपमधल्या सर्व्हरची यादी सध्या उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी निरोप येतो, क्रमांक ६११८.

मास्टर कोण आहे ते डोळ्यांनी पाहता येतं. विंडोज ७ वर कमांड प्रॉम्प्ट उघडून एनबीटीस्टॅट, मग वजा चिन्ह लावून मोठं ए, मग उबुंटूचा पत्ता असं टाका. मोठं ए म्हणजे पत्त्यावरून शोध, लहान ए म्हणजे नावावरून. हे उलटं झालं की ‘होस्ट सापडला नाही’ येतं आणि माणूस उगाच घाबरतो. समोर चार-पाच ओळींचा तक्ता येईल. नावापुढे कोनदार कंसात २० असेल तर तो संगणक फायली वाटायला तयार आहे. वर्कग्रुपच्या नावापुढे १डी असेल आणि खाली ‘एमएसब्राउज’ शब्द असलेली ओळ असेल तर मास्टर तोच. बाकी ओळी सोडून द्या.

नवी यादी दवंडीसारखी आहे. तिच्यात पट ठेवणारा कुणी नसतो. ज्याला यादी हवी तो ‘कोण कोण आहे?’ अशी हाक २३९.२५५.२५५.२५० या मल्टिकास्ट (सगळ्यांना एकदम ऐकू जाणाऱ्या) पत्त्यावर यूडीपी ३७०२ पोर्टमधून देतो आणि जो तो आपापलं उत्तर देतो. पुढची चौकशी टीसीपी ५३५७ पोर्टवर होते. विंडोज १० आणि ११ हीच पद्धत वापरतात. विंडोज ७ ला दोन्ही येतात, म्हणून तुमच्याकडे सगळ्यात जास्त संगणक बहुधा विंडोज ७ वरच दिसत असतील. सांबाला ही नवी पद्धत मुळात येत नाही, म्हणून उबुंटू विंडोज १० ला दिसत नाही. म्हणजे एकाच ऑफिसात तीन वेगळ्या याद्या दिसणं हा बिघाड नसून या मांडणीचा सरळ परिणाम आहे.

पण ‘कधी तीन, कधी पाच’ यात आणखी एक गोष्ट संशयास्पद वाटते, आणि ती आधी तपासा. प्रत्येक विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग चालवा, उबुंटूवर नेटवर्क सेटिंग्ज उघडा आणि पत्ता व गेटवे (राउटरचा पत्ता) कागदावर लिहा. नऊ ओळी होतील, दहा मिनिटांचं काम आहे. काही संगणक १९२.१६८.१ ने सुरू होतात आणि काही १९२.१६८.० ने, असं दिसलं तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला. फायबरवाल्याचा डबा एक राउटर असतो. वायफाय आतल्या खोलीत पोहोचत नाही म्हणून दुकानातून दुसरा राउटर आणला जातो आणि त्याच्या वेगळ्या रंगाच्या ‘वॅन’ पोर्टात तार खोचली जाते. झालं, एका ऑफिसाचे दोन नेटवर्क झाले. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. पण हजेरी असो वा दवंडी, राउटर ओलांडून जात नाही. वर खोड अशी की आतल्या राउटरवरचा लॅपटॉप बाहेरच्या उबुंटूचा फोल्डर पत्त्याने उघडू शकतो, मात्र बाहेरच्याला तो लॅपटॉप उघडता येत नाही. त्यामुळे ‘माझं चालतंय, तुझ्याच संगणकात खराबी आहे’ असा वाद होतो.

उपाय या क्रमानेच करा. दुसऱ्या राउटरच्या पानावर जाऊन ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ आहे का बघा, असेल तर तोच निवडा आणि विषय संपवा. नसेल तर त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा. पुन्हा नव्या पत्त्यावर लॉगिन होऊन त्याचं डीएचसीपी (संगणकांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा. मगच तार वॅन पोर्टातून काढून साध्या लॅन पोर्टात घाला. आधी तार हलवली तर एका नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोघे होतात आणि कोणता संगणक कुणाकडून पत्ता घेईल याचा नेम राहत नाही. शेवटी सगळे संगणक एकदा बंद-चालू करा.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला पत्ता मिळालेलाच नाही. तार, स्विचचं पोर्ट, राउटर या क्रमाने बघा. मोंढ्यात धान्याची धूळ आणि उंदीर दोन्ही असतात, टेबलामागची तार हाताने चाचपून पाहा. स्विचवरचा दिवाच लागत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये वेळ घालवू नका. वळवाच्या पावसात वीज कडाडली की स्विचचं एखाद-दुसरं पोर्ट जळतं आणि बाकीची चालू राहतात. तीच तार शेजारच्या पोर्टात लावून पाहा, लगेच कळेल.

वायफायवरचे संगणक पत्त्यानेही उघडत नसतील तर राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ (वायफायवरच्या संगणकांना एकमेकांपासून तोडणारं सेटिंग) बंद आहे का पाहा, आणि कुणी ‘गेस्ट’ वायफायला तर जोडलेलं नाही ना ते बघा. पत्त्याने उघडतात पण यादीत येत नाहीत, तर तो राउटर मल्टिकास्ट पुढे सोडत नाही. आणि हो, फायबर बंद पडलं की पोरं लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडतात आणि फायबर आल्यावरही तसाच ठेवतात. तो लॅपटॉप तुमच्या नेटवर्कवर नसतोच, यादीत कुठून दिसणार?

सगळे एकाच नेटवर्कवर आले की विंडोज १० आणि ११ च्या सहाही संगणकांवर नेटवर्कचा प्रकार तपासा. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट किंवा वायफाय, तिथे ‘प्रायव्हेट’ असलं पाहिजे. ‘पब्लिक’ असेल तर संगणक इतरांपासून लपून राहतो. राउटर बदलला की विंडोज ते नवं नेटवर्क समजतं आणि पुन्हा पब्लिक होऊन बसतं, त्यामुळे कालपर्यंत दिसणारा आज दिसेनासा होतो. यानंतर सर्व्हिसेसमध्ये चार सेवा पाहा: फंक्शन डिस्कव्हरी प्रोव्हायडर होस्ट, फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन, एसएसडीपी डिस्कव्हरी आणि यूपीएनपी डिव्हाइस होस्ट. यांतली दुसरी सगळ्यात महत्त्वाची, कारण ‘मी आहे’ असं सांगणारी तीच. ती अनेकदा ‘मॅन्युअल’वर असते. तिला ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’वर ठेवा. डिलेड अशासाठी की नेटवर्क उभं राहायच्या आधी ती सुरू झाली तर तिची हाक वाया जाते.

अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर विंडोजची फायरवॉल बाजूला पडते आणि तुम्ही विंडोजमध्ये केलेले बदल काहीच परिणाम करत नाहीत. त्या अँटिव्हायरसमध्येच तुमचं नेटवर्क ‘ट्रस्टेड’ किंवा ‘होम’ म्हणून नोंदवा. अँटिव्हायरस काढून टाकू नका. पोर्ट खरोखर उघडं आहे का हे पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन या कमांडने, पत्ता आणि पोर्ट ४४५ देऊन पाहता येतं. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं म्हणजे फायलींचा रस्ता मोकळा.

उबुंटूला नव्या यादीत आणायचं तर त्यावर डब्ल्यूएसडीडी नावाचं छोटं पॅकेज टाका. उबुंटूच्या नेहमीच्या भांडारातच ते आहे. सांबाच्या वतीने दवंडीला उत्तर देणं एवढंच त्याचं काम. पॅकेज बसवल्यावर सेवा खरंच चालू झालीय का ते पाहा. उबुंटूची यूएफडब्ल्यू फायरवॉल चालू असेल तर यूडीपी ३७०२ आणि टीसीपी ५३५७ ऑफिसच्या नेटवर्कपुरते उघडा. सांबाच्या कॉन्फिग फाइलमध्ये वर्कग्रुपचं नाव इतरांसारखंच आहे ना तेही बघून घ्या. विंडोज १० वर ‘नेटवर्क’ बंद करून पुन्हा उघडलं की उबुंटू थोड्या वेळात यायला हवा.

दिसला, पण विंडोज ११ वरून उघडत नाही, असं झालं तर कारण बहुधा बिनपासवर्डचा शेअर हे असतं. सांबात ‘मॅप टू गेस्ट’ ठेवून कुणालाही आत येऊ द्यायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती दोन गोष्टी सक्तीच्या करते: पाहुणा म्हणून आत जायचं नाही, आणि प्रत्येक निरोपावर डिजिटल सही हवी. सहीसाठी लागणारी किल्ली पासवर्डातून तयार होते. पाहुण्याला पासवर्डच नाही, मग सही कशाने करणार? इंटरनेटवर रजिस्ट्री बदलून ही सक्ती काढायचे उपाय मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. उबुंटूवर प्रत्येक माणसाच्या नावाने वापरकर्ता बनवा, एसएमबीपासडब्ल्यूडी कमांडने त्याला सांबाचा पासवर्ड द्या, आणि विंडोजवर पहिल्यांदा विचारेल तेव्हा तोच टाकून ‘लक्षात ठेव’वर खूण करा. मुनिमाला लिहायची परवानगी आणि काट्यावरच्या पोराला फक्त वाचायची, अशी वाटणीही मग करता येते.

इथे दोन नेहमीचे खड्डे आहेत. विंडोजचा पिन नेटवर्कवर चालत नाही, तिथे पूर्ण पासवर्डच लागतो. आणि एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही, चूक क्रमांक १२१९ येते. तेव्हा नेट यूज, मग तारांकन, मग तिरकी रेघ आणि डिलीट असं देऊन जुनी जोडणी तोडा, क्रेडेन्शिअल मॅनेजरमधली जुनी नोंद काढा आणि पुन्हा जोडा. ही कमांड त्या संगणकावरची सगळी जोडलेली ड्राइव्ह तोडते, म्हणून आधी हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद करा.

आता एक्सपी. त्याला यादीत सगळे दिसावेत हा हट्ट सोडा. सांबाने मास्टर होणं थांबवलं तर विंडोज ७ किंवा एक्सपी स्वतःच मास्टर होईल आणि एक्सपीला नावं दिसतील, पण त्यातलं उबुंटूचं नाव उघडणारच नाही. एक्सपीकडून आपल्याला खरं हवंय काय? वजनाच्या नोंदी हिशेबात याव्यात, एवढंच.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे काट्याचं सॉफ्टवेअर विंडोज १० वर नेणं. काट्याचा डिस्प्ले नऊ पिनांच्या सिरियल तारेने जोडलेला असेल, तर चांगल्या चिपचा यूएसबी ते सिरियल कन्व्हर्टर घ्या. नकली चिपचा घेतला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण येऊन तो अडतो. पोर्ट क्रमांक आधीचाच ठेवा आणि बॉड रेट (सिरियल तारेवरून माहिती जाण्याचा वेग) एक्सपीवरून लिहून घ्या. सॉफ्टवेअर १६ बिटचं असेल तर ते ६४ बिट विंडोजवर चालणार नाही. ही एक अडचण खरी आहे आणि तेव्हाच एक्सपी ठेवण्यात अर्थ आहे.

एक्सपी ठेवायचाच असेल तर रस्ता एकेरी करा. विंडोज १० पैकी कोणत्याही एकाच संगणकावर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये एसएमबी १ च्या खाली तीन चौकटी असतात. त्यातली फक्त ‘क्लायंट’ निवडा. ‘सर्व्हर’ला हात लावू नका, वॉनाक्राय शिरला तो सर्व्हरच्या बाजूनेच. ‘ऑटोमॅटिक रिमूव्हल’ही निवडू नका, नाहीतर १५ दिवस वापर झाला नाही की विंडोज ते आपोआप काढून टाकतं, आणि हंगाम नसताना तुमचा काटा १५ दिवस सहज बंद असतो. हा एक संगणक एक्सपीच्या फोल्डरातून नोंदी उचलेल आणि उबुंटूवर ठेवेल. एक्सपीच्या फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगच्या ‘चेंज स्कोप’मध्ये फक्त याच संगणकाचा पत्ता लिहा. मायक्रोसॉफ्टने मे २०१७ मध्ये एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली होती, केबी ४०१२५९८, ती बसलीय का पाहा. आणि राउटरमध्ये एक्सपीचं इंटरनेट बंद करा. काट्याला इंटरनेट लागत नाही.

यादी ठीक झाली तरी रोजचं काम तिच्यावर ठेवू नका. राउटरमध्ये ॲड्रेस रिझर्व्हेशन करून उबुंटूचा पत्ता कायमचा १९२.१६८.१.१० ठेवा. प्रत्येक विंडोजवर ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ने त्याचा फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडा, ‘रीकनेक्ट ॲट साइन-इन’वर खूण करून. जोडताना नाव किंवा पत्ता यांपैकी एकच धरा आणि सगळीकडे तेच वापरा. संगणकांची नावं इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता आणि १५ अक्षरांच्या आत ठेवा. त्यापुढची अक्षरं जुन्या पद्धतीत कापली जातात. मग ‘आडतऑफिसकाउंटर’च्या पुढे एक आणि दोन लावलेले दोन संगणक इंग्रजीत एकाच नावाचे होऊन बसतात आणि एकमेकांना यादीतून ढकलतात. ‘काउंटर१’, ‘काटा’, ‘मुनीम’ अशी छोटी नावं पुरतात.

लाइट गेल्यानंतरचा क्रमही ठरवून ठेवा. राउटर, स्विच आणि उबुंटू हे तिन्ही एकाच यूपीएसवर घ्या. या तिघांना फार वीज लागत नाही. लाइट आली की आधी राउटरचे दिवे स्थिर होऊ द्या, मग बाकीचे संगणक चालू करा. नाहीतर ज्याला पत्ता मिळाला नाही तो १६९.२५४ घेऊन बसतो, आणि खिडकीत पट्टीसाठी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तुम्हाला ‘नेट गेलंय’ म्हणून सांगावं लागतं.

एवढं करूनही एखादा संगणक अडलाच, तर त्या एका संगणकाच्या चार गोष्टी लिहून पाठवा: आयपीकॉन्फिगमधला पत्ता आणि गेटवे, नेटवर्क प्रायव्हेट आहे की पब्लिक, ४४५ पोर्टच्या चाचणीची शेवटची ओळ, आणि पत्त्याने उघडताना येणारा चूक क्रमांक जसाच्या तसा.